बाबांच्या दुरुस्त्या

आई, मी ब्लॉग लिहायला लागले आहे. म्हणजे मोबाइलवर, कॉम्प्युटरवर कुणालाही उघडून वाचता येईल असं आपलं काहीबाही, माझं बहुतेक प्रवासाचं. तुझ्या वेळी हे नव्हतं, आणि तुला त्याची गरजही नव्हती. तुला पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरचा ओटा पुरायचा.

बाबा कारखान्यात फिटर. कुठे नवं वीजघर उभं राहिलं की यंत्रं बसवायला महिना-महिना साइटवर जायचे. परतले की स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसायचे आणि तू पोळ्या लाटता लाटता विचारत राहायचीस. गाडीत कोण भेटलं, उतरला होतात कुठे, तिथल्या बायका कशा राहतात. बाबांचं उत्तर ठरलेलं, सगळं ठीक होतं. एकदा तू फारच विचारलंस तेव्हा म्हणाले, वाटेत गाडी बराच वेळ अडकली होती. तुला तेवढं पुष्कळ झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बायका भाजी निवडायला ओट्यावर आल्या, शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाभी, इस बार भाईसाहब क्या देखके आए?" आणि तू तुझ्या अर्ध्या मराठी हिंदीत सुरू झालीस. गाडीत एक नवी नवरी होती, तिच्याबरोबर माहेरची शेळी होती, आणि त्या शेळीनं गार्डची हिरवी झेंडीच खाल्ली, मग गाडी सुटणार कशी? बायकांच्या हातातली मेथी हातातच राहिली. सेकंड शिफ्टला निघालेले बाबा सायकल काढता काढता म्हणाले, "शेळी नव्हती." तू वर न बघताच म्हणालीस, "तुम्हाला डोळा लागला असेल तेव्हा."

तू गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. भांडण नाही, तक्रार नाही. पण त्यांना विचारणारं कुणी उरलं नव्हतं आणि मला तुझ्यासारखं विचारता येत नव्हतं. दिवसभर एम. पी. नगरच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवून मी घरी यायची, ते 'जेवलो' म्हणायचे, आणि घर पुन्हा गप्प व्हायचं. रविवारी मी एकटीच कुठेतरी भटकून यायची. ते सांगावंसं फार वाटायचं, म्हणून ब्लॉग सुरू केला. पहिल्यांदा लिहिलं ते मात्र माझं नव्हतं. तुझी ती गाडी लिहिली, शेळीसकट.

बाबांनी मोबाइलवर अक्षरं मोठी करून ते वाचलं. सकाळी मी पोहे परतत होते, तर ते दारात येऊन उभे राहिले. "शेळी नव्हती," म्हणाले. मी मागे न वळता विचारलं, मग गाडी का थांबली होती? ते खुर्ची ओढून बसले. इंजिन बिघडलं होतं. जवळच्या गावातली माणसं हंडे-कळशा घेऊन सगळ्यांना पाणी द्यायला आली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, कुठे निघालात? वीजघरावर म्हटल्यावर तो म्हणाला, आमच्याकडे येईल का वीज? "मी म्हटलं, येईल. मला तरी काय ठाऊक होतं? पण पाणी पाजत होता तो." पुढे काही वर्षांनी त्याच वाटेनं जायचा योग आला, तेव्हा अंधार पडताना ते मुद्दाम खिडकीशी बसले होते.

"दिवे होते?" मी विचारलं.

"होते." मग म्हणाले, "हिला सांगायचं राहून गेलं."

पोहे खाली लागले होते. तसेच खाल्ले आम्ही दोघांनी.

तेव्हापासून माझा एकही लेख त्यांच्या तावडीतून सुटत नाही. नदी उजव्या हाताला नाही, डाव्या हाताला आहे. त्या गावी बस जात नव्हती, ट्रकनं जावं लागायचं. त्या ट्रकचा विषय निघाला की त्याचा ड्रायव्हर येतो, ड्रायव्हरची बायको येते, तिच्या हातचं वांग्याचं भरीत येतं. तुला न सांगितलेलं किती साठवून होतं ग या माणसाकडे.

हे पत्र मी ब्लॉगवर टाकणार नाही. तिथला शब्द न् शब्द बाबा वाचतात, आणि हल्ली प्रत्येक लेखात एखादी चूक मी जाणूनबुजून ठेवते, हे त्यांना कळता कामा नये.