अडकतं, पण आवाज येत नाही

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मी खुर्चीत बसून लिहितो आहे, पण पत्रातला नमस्कार बसूनच घालायचा असतो, तेव्हा ही फसवणूक धरू नये.) तुझा रक्तदाब काय म्हणतो? वहिनीची कंबर? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायला हात गेला होता, पण थांबलो. तुझ्या भावजयीचं कोपर सोललं आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही. हे दोन्ही सोडलं तर खुशाल आहोत.

कारण आपली मोटारसायकल. ('आपली' हा शब्द बराच विचार करून वापरला आहे. चालवतो आम्ही, कागद तुझ्या नावावर. नावबदलाच्या अर्जावर 'निवांत सही करू' असं तू म्हणाला होतास, आणि तुझा निवांतपणा मला मोडवत नाही.) बाहेरच्याला देण्यापेक्षा घरात राहू दे, म्हणून तू ती आम्हाला दिलीस. तेव्हा मला भरून आलं होतं, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मागच्या आठवड्यात ही सकाळी नेहमीप्रमाणे घरोघरी रक्ताचे नमुने गोळा करायला निघाली. कोपऱ्यावर डावीकडे वळताना हँडल अर्ध्यात अडकलं. वळायचं होतं गल्लीत, गाडी गेली समोरच्या भिंतीकडे. नमुन्यांची पेटी शाबूत राहिली. रक्त सांडलं ते तिचं एकटीचं. आणि त्याच संध्याकाळी, तुझ्याकडे आलेली कंपनीची सूचना 'बघ काय ते' एवढंच लिहून तू मोबाइलवर पुढे ढकललीस. वर लाल अक्षरांत 'सुरक्षा रिकॉल', खाली 'आपल्या व आपल्या कुटुंबीयांच्या सुरक्षिततेसाठी वाहन तातडीने परत बोलावण्यात येत आहे'. दादा, मला खरंच गहिवरून आलं. ज्या माणसांना आपण कधी पाहिलेलंही नाही, त्यांना आपल्या बायकोचं कोपर आधीच दिसलं होतं, असं वाटलं. इस्त्रीचा शर्ट घालून मी सर्व्हिस सेंटरला गेलो.

स्वागत जावयासारखं झालं. सोफ्यावर बसवलं, चहा दिला. गाडी आत नेली आणि चहा संपायच्या आत बाहेरही आणली. सही घेतली, गाडीशेजारी उभं करून फोटो काढला. मी विचारलं, हँडल झालं? तर कळलं की रिकॉल हँडलसाठी नव्हताच. साखळीच्या झाकणावर चाकात हवा किती भरावी हे सांगणारं स्टिकर असतं, त्यातला एक आकडा चुकीचा छापला गेला होता. त्यासाठी एवढी लाल अक्षरं. नवीन स्टिकर चिकटवलं होतं. (तिरकं. पण आकडा बरोबर आहे, मी तपासला.)

मग मी हँडलची हकिगत सांगितली. तिथे सर्व्हिस सल्लागार नावाचे एक टायवाले गृहस्थ असतात. त्यांनी मान डोलावली आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. म्हणजे कंपनीला हँडलचं माहीत होतं! पण तो रिकॉल नव्हे, सर्व्हिस बुलेटिन. फरक त्यांनी समजावून सांगितला: रिकॉलमध्ये कंपनी मालकाला कळवते, बुलेटिनमध्ये फक्त सर्व्हिस सेंटरला. मालकाने आपण होऊन तक्रार केली तर आणि तरच काम होतं. पडद्यावर लिहिलं होतं: 'ब्रेक दाबताना हँडलच्या मुळाशी टक असा आवाज येत असल्याची तक्रार ग्राहकाने केल्यास बेअरिंग विनामूल्य बदलावे. तक्रार नसल्यास बदलू नये.'

"आवाज येतो ना?" त्यांनी लिहायला घेत विचारलं.

"आवाज नाही येत. अडकतं."

"अडकण्याचं यात नाहीये, साहेब. यात टक आहे."

"पण माणूस पडतो तो अडकल्यामुळे."

"बरोबर आहे तुमचं. मी पुन्हा विचारतो, तुम्ही फक्त मान हलवा. टक?"

दादा, माझी मान हलली नाही. दिवसभर मी दुकानदारांचे वजनकाटे तपासत फिरतो. काटा जरासा खोटा निघाला तर सील ठोकतो आणि वर चार शब्द सुनावतो. त्या तोंडाने टक कसं म्हणणार? (मला खरं बोलायची सवय आहे, की खरं बोलणारा माणूस म्हणून मिरवायची, यावर मी तिथेच उभ्याउभ्या विचार केला. निकाल लागला नाही. मागे लोक खोळंबले होते.) विकत द्या म्हटलं, तर तो भाग विक्रीला नसतो, फक्त बुलेटिनखाली येतो. शेवटी म्हटलं, मला आवाज शोधायची एक संधी द्या. मागच्या गल्लीत ब्रेक दाबत दाबत मी येरझाऱ्या घातल्या. आणि अचानक, टक! इतका आनंद मला आमच्या लग्नातही झाला नसेल. धावत आत जायला वळलो आणि लक्षात आलं, जेवणाच्या डब्याचं झाकण. आणि मी ते त्यांना जाऊन सांगितलं! सांगायची काही गरज होती का? त्या गृहस्थांनी टाय सैल केला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी आल्यावर हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही खरं बोलायचं आणि मी पडायचं, अशी वाटणी झाली तर आपली. लिहा आता डायरीत. स्वतःला शाबासकी द्यायला विसरू नका."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली, आणि कोपराला पट्टी असतानाही हातवारे करून टक म्हणून आली. त्यांनी लगेच लिहून घेतलं. फक्त तक्रारीला नोंदणीकृत मालकाचा दुजोरा लागतो, म्हणाले. सोमवारपासून ती पुन्हा त्याच गाडीवर, त्याच कोपऱ्यावरून कामाला जाणार आहे. तिला सुट्टी नाही, दुसरी गाडी नाही, आणि नवरा हा असा आहे.

असो. प्रकृतीस जप. वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : सोमवारच्या आत सर्व्हिस सेंटरमधून तुला फोन येईल. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, हा उचल. आवाज येत होता का, एवढंच विचारतील. 'हो' म्हणायचं आणि ठेवून द्यायचं.

ता. क. २ : मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. परवा वहिनीचा फोन आला होता. कोपराचं ऐकून हळहळली आणि म्हणाली, आश्चर्यच आहे, गाडी तुम्हाला देण्याआधी यांनी मुद्दाम हँडलमध्ये घट्ट ग्रीस भरून घेतलं होतं, केवढी टकटक करायची, नंतर अगदी गप्प झाली. तिला काही बोलू नकोस. तिच्या मते तू आमच्यासाठी गाडीची निगा राखलीस. बाहेरच्या माणसाने गाडी घेण्याआधी निदान दोनदा फिरवून पाहिली असती.

ता. क. ३ : आवाज येत होता हे कबूल करणं जड जात असेल, तर भावासाठी खोटं बोलतो आहेस असं समज आणि 'हो' म्हण. मीही घरात तसंच सांगेन.