मौनाची मुदत

प्रिय धाकट्या,

आई बरी आहे. हे आधी लिहिते, नाहीतर माझं पत्र बघूनच तू घाबरायचास. गुडघा दुखतो, पण कुरकुर करण्यापुरताच. लिफ्टची भीती गेली. आता शेजारणीला कुठलं बटण दाबायचं ते तीच शिकवते. तीन महिने झाले तिला इथे येऊन. ती तुझ्याकडे न्हाणीघरात घसरली, शनिवारपर्यंत काही कळवलं नाहीस तर तिला इकडे आणते असं मी तुला लिहिलं, तुझं उत्तर आलं नाही आणि मी गाडी घेऊन तिला न्यायला आले. तेव्हापासून तू दर रविवारी फोन करतोस, तिच्याशी पोटभर बोलतोस, आणि फोन माझ्या हातात आला की तुला लगेच गिऱ्हाइकाचं अर्धवट राहिलेलं कपाट आठवतं. मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं, फक्त उशिरा कळतं.

मी नोकरीत नेमकं काय करते, असं तू एकदा विचारलं होतंस. मी तासभर बोलले होते आणि तू रंधा मारत होतास. या वेळी थोडक्यात सांगते. आमचा नऊ शेजारी देशांचा संघ. जगाच्या परिषदेत यांतला एकेकटा गेला तर त्याला काळं कुत्रंही विचारत नाही. नऊ जण मिळून एकच मागणी करतात तेव्हा बलाढ्य देशही मान वर करून बघतात. ती एकच मागणी शब्दांत उतरवणं हे माझं काम. यंदा साथीच्या रोगांवरच्या लशी कुठे आणि किती साठवायच्या, याचा मसुदा मी लिहिला. नऊही राजधान्यांना पाठवला आणि खाली नेहमीची ओळ टाकली, की गुरुवारी दुपारी बारापर्यंत हरकत आली नाही तर संमती धरली जाईल. आम्ही याला मौनाची मुदत म्हणतो. नऊ जणांच्या नऊ तऱ्हा, त्यामुळे पद्धत सोयीची आहे. बारा वाजले, एकही हरकत नाही. मी फाईल बंद केली आणि खाली जाऊन चहा प्यायले.

परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्यातल्या सगळ्यात लहान देशाची प्रतिनिधी आली. बेटावरचा देश. त्यांच्या आरोग्य खात्यात बाहेरचे कागद वाचायला ही एकटी नर्सबाई. बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, हे आम्हाला मान्य नाही. सगळा साठा तुम्ही तीन मोठ्या बंदरांत ठेवलात. आमच्याकडे बोट पंधरा दिवसांनी येते, तोवर निम्मं गाव तापाने फणफणलेलं असतं. मी तिला नियम दाखवला. मुदत संपली, तुम्ही गप्प होतात. त्यावर ती आवाज न चढवता म्हणाली, "गप्प होतो, कारण त्या आठवड्यात ताप पसरला होता आणि मी गावोगाव सुया टोचत फिरत होते. कबूल होतं म्हणून नव्हे, बाई."

तरी मी अडून बसले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. ऐन वेळी खोडा नको म्हणून दोन मोठे देश माझ्याच बाजूने. पण यंदाचे आमचे अध्यक्ष, एक निवृत्त डॉक्टर, चष्मा पुसत म्हणाले की आठांचं मत नवांचं म्हणून जगापुढे ठेवायची मला लाज वाटेल. मसुदा पुन्हा उघडला. दुपारभर घासाघीस झाली आणि चौथं शीतगृह बेटावर बांधायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी परिषदेत आमची नवी मागणी ऐकून आणखी दोन संघ आमच्या मागे उभे राहिले, त्यांच्याकडेही अशी दूरची गावं होतीच. कलम मंजूर झालं. नर्सबाईने सगळ्यांसमोर माझे आभार मानले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन आईला हे सांगितलं तर तिला नवल वाटलंच नाही. म्हणाली, तुझी ही खोड जुनीच आहे. खरंच की रे. बसमध्ये मी विचारायची, खिडकीत बसू ना? तू मूग गिळून गप्प, आणि मी बसलेली. बाबा आजारी पडले तेव्हाही तसंच. शिकायला बाहेर मी जायचं, बाबांचा लाकूडकामाचा कारखाना बघायला तू राहायचं, हे मीच जेवताना बोलून टाकलं आणि तू पानातून मान वर केली नाहीस. तू समजूतदार आहेस, असं मी पुढे वीस वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत राहिले.

मग काल आई सहज बोलून गेली. मी तिला न्यायला आले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तू न्हाणीघरात काम करत होतास. भिंतीला लाकडी दांडी, तिच्या हाताच्या उंचीला यावी म्हणून तीनदा काढून तीनदा बसवलेली. उंबरा तासून सपाट केलेला. मी आले तेव्हा दारामागे भुसा दिसला होता, आणि मी तुला म्हणाले होते, निदान झाडून तरी घ्यायचंस. तुझं उत्तर भिंतीला ठोकलेलं होतं, धाकट्या, आणि मी ते न बघता तिची बॅग उचलली. चुकले मी. फार चुकले. काल तिला विचारलं, आई, तुला कुठे राहायचंय? ती म्हणाली, मी सांगेन माझं, पण आधी त्याला कधी विचारलंस का? म्हणून हे पत्र लिहायला बसले. आईला परत तुझ्याकडे आणू का? या वेळी तारीख घालत नाही. रविवारी फोन मी उचलेन आणि एक अक्षर बोलणार नाही. तुला सुरुवात करायला वेळ लागेल, लागू दे. तोवर मी फोन कानाला धरून बसेन.

तुझीच,
ताई