पंधरा दिवस खिडक्या उघड्या

१४ नोव्हें. २०१०, रवि.

मांजलपूरच्या नव्या फ्लॅटवर जाऊन आलो. तिसरा मजला. रंगकाम चालू. बिल्डरचा इंजिनिअर हिरेन भेटला, पंचविशीतला पोरगा, काखेत फाइल आणि तोंडात सारखं 'ग्रीन'. भिंतीचा रंग म्हणे वास न येणारा, गच्ची पांढरी, घरभर आरपार वारा. या सगळ्याला मार्क मिळतात, मग ग्रीन सर्टिफिकेट. गच्चीवर चिनीमातीचे पांढरे तुकडे बसवलेत. अरे, बडोद्यात आमच्या आज्यापासून गच्चीवर हेच बसवतात, तेव्हा कोणी मार्क दिले नव्हते.

तरी फ्लॅट घेतला तो या सर्टिफिकेटकडे बघूनच. सौ.चा दमा. तरसालीच्या भाड्याच्या घरात खिडकी उघडली की समोरच्या भट्टीचा धूर, लावली की घुसमट. डॉक्टर म्हणाले, औषध मी देईन, हवा तुम्ही द्या.

हिरेनवर विश्वास नाही. फार गोड बोलतो.

१९ नोव्हें., शुक्र.

पुन्हा फ्लॅटवर. रंगाचे डबे मोजून आलो. रंगारी रमणभाई बघतच राहिला. "काका, डब्बा गणवा आव्या?" म्हटलं, हो, गणायलाच आलोय. झाकणांवर नाव बरोबर आहे. पण आत काय आहे कोण सांगणार? चांगल्या डब्यात साधा रंग ओतायला कितीसा वेळ लागतो.

सौ. म्हणते तुम्हाला देवाच्या प्रसादातही खडा दिसतो. दिसतो! एकतीस वर्षं कंपनीत सेफ्टीत काढली. टाकीत माणूस उतरवायच्या आधी मीटर स्वतः आत सोडायचो, मगच परमिटवर सही. पणजोबा संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते. रक्तातच आहे, त्याला काय करणार.

तरसालीच्या आपल्या सुताराला बेडरूमची कपाटं सांगून टाकली. सौ.ला साड्यांना जागा हवी. लवकर व्हायला हवं. १६ डिसें.ला कमूरतं बसतं, मग संक्रांतीपर्यंत इथे कोणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. आपल्यात एवढं नव्हतं, पण सौ. जन्मापासून बडोद्याची. शेजारणींपेक्षा कडक पाळते.

२७ नोव्हें., शनि.

वास! दार उघडल्याबरोबर नाकात झणझणलं, डोळ्यांत पाणी. मला वाटलंच होतं. हिरेनला फोन. म्हणे "टेन्शन ना लो काका, थोडा तर आवे." थोडा? माझ्या बायकोच्या छातीला विचार थोडा म्हणजे काय ते. तपासून घ्यायला एका बाटलीत रंग भरून घेतला. रमणभाईला न सांगता.

सौ.ला काही बोललो नाही.

२ डिसें., गुरु.

आजचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

रमणभाईला सगळ्यांसमोर झाडला. चोर म्हटलं. त्या बिचाऱ्याने हात पुसले, मला धरून बेडरूममध्ये नेलं, कपाटाचं दार उघडलं. "हवे अहीं नाक घालो, काका."

घातलं. ठसका लागला.

माझीच कपाटं. प्लायवुड, वर सुताराचा तो पिवळा चिकट गोंद, दारं बंद. हॉलची भिंत हुंगली तर काही नाही. रंग खरंच बिनवासाचा. हिरेनने पहिल्याच दिवशी कागद दिला होता, कुठलं प्लाय, कुठला गोंद चालेल. मी तो वाचलाच नाही. बिल्डरचा कागद, म्हणजे खोटाच असणार!

आपलंच नाणं खोटं. रमणभाईची माफी मागितली. तो हसला, चहा पाजला. त्यानेच पाजला, मी नाही.

५ डिसें., रवि.

हिरेन घरी आला, तरसालीला. फॉर्म घेऊन. प्रत्येक फ्लॅटवाल्याने लिहून द्यायचं: फर्निचरसकट सगळं काम संपल्यावर पंधरा दिवस घर रिकामं ठेवलं, खिडक्या उघड्या ठेवल्या, त्यानंतरच राहायला आलो. आतला वास नि वायू निघून जावा म्हणून. नियम मला पटला. शंभर टक्के पटला.

आमचं पॉलिश संपलं तीन तारखेला. म्हणजे अठरापर्यंत थांबायला हवं. आणि कमूरतं सोळाला.

"बद्धाए सही करी दीधी, काका. काम संपल्याची तारीख मागची लिहा ना, कोण बघतंय?"

मी बघतोय की.

सौ. स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. हिरेन गेल्यावर म्हणाली, वास्तू तेरालाच. मी म्हटलं संक्रांतीनंतर जाऊ. म्हणाली, "अजून महिनाभर हा धूर गिळू?" तीही खरी, नियमही खरा.

९ डिसें., गुरु.

रोज सकाळी फ्लॅटवर जाऊन खिडक्या उघडतो, कपाटांची दारं सताड. दोन टेबलफॅन लावलेत. वास कमी झालाय. झालाय का? की माझं नाक सरावलं? कंपनीत नव्या पोरांना हेच शिकवायचो, नाक सगळ्यात आधी फितूर होतं. मीटर हवा होता. रिटायर होताना परत केला.

१३ डिसें., सोम.

वास्तू झाली. गुरुजी आपले, जेवण गुजराती. होमाचा धूर खिडक्यांतून भराभर बाहेर गेला, एवढं मात्र खरं, वारा आरपार आहे. सौ. हिरव्या शालूत. कित्येक वर्षांत इतकी हसलेली पाहिली नाही. "बघा, एकदा तरी खोकले का?" नाही खोकली. दहाच दिवस झालेत, हे मनात मोजत होतो. आजपासून इथेच राहणार.

१८ डिसें., शनि.

सौ. म्हणते फार बरं वाटतं. सारखंच म्हणते, न विचारता म्हणते. तिथेच शंका येते.

बाथरूमला जाताना नळ मोठा सोडते. आधी नव्हती सोडत. तिचा दम्याचा पंप देव्हाऱ्याशेजारी असायचा, आज तिथे नव्हता. "पंप कुठे?" "लागतच नाही, ठेवून दिलाय." कुठे ते नाही सांगितलं.

शेवटी आपल्याच बायकोवर पाळत ठेवायला लागलो. छे.

२१ डिसें., मंगळ.

हिरेन खाली भेटला. आता फक्त आमचीच सही बाकी. माझ्यामुळे बिल्डिंगचं सर्टिफिकेट अडलंय, हे त्याने नाही, खालच्या मजल्यावरच्या बेनने ऐकवलं. "काका, तमने तकलीफ शुं छे?" हिरेन तोंड उतरवून उभा. हा पोरगा पहिल्यापासून खरं बोलत होता, खोटं फक्त हे एकच मागतोय, आणि तेही आम्हा सगळ्यांच्या कमूरत्यामुळे. उद्या दहाला फॉर्म न्यायला येणार.

दुपारी सौ.च्या पर्समध्ये पंप सापडला. हलवून पाहिला. सहा तारखेला मीच नवा आणला होता. जवळजवळ रिकामा.

फॉर्म तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, सुलभा, मी आयुष्यात न तपासता सही केली नाही. खरं सांग, इथे त्रास होतो का?

भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

"खरं सांगितलं तर परत तरसालीला न्याल?"

फॉर्म टेबलावरच आहे.