चुंगच्यौ, चाल न लावता

५ जानेवारी, रवि.

पोंऽऽऽ. पहाटे कानात पुन्हा तोच भोंगा. दासगावच्या बंदरातल्या लाँचचा. बंदर गाळानं भरलं, लाँच कधीच बंद झाल्या, भोंगा काही जात नाही. शिमगा आटोपला की वडील गिरणीत परत जायचे. आई धक्क्यावर मला कडेवर घेऊन उभी. एकच सूर, सरळ, उंच. ना चढ ना उतार. खाडीच्या वळणापर्यंत ऐकू यायचा.

आज तो उपयोगी पडला. लिननं नवा शब्द दिला. चुंगच्यौ. चीनमधली माझी सून, तिथंच शाळामास्तरीण, त्यामुळे शिकवण्यात हयगय नाही. अर्थ विचारला तर मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीही करा, शेवटी जे होतंच, त्याच्या आधी हा शब्द." दोन्ही अक्षरं सरळ, उंच सुरात, हलवायची नाहीत. मी डोळे मिटले, लाँच आठवली आणि म्हटलं. मग म्हणाली, "बरोबर! पहिल्यांदा!"

पहिल्यांदा, कारण बाकी सगळे शब्द मी गातो. जन्मभर वर्गात कविता चालीवर म्हणून घेतल्या. चाल लावल्याशिवाय मला पाठच होत नाही. आणि त्या भाषेत सूर हलला की अर्थ हलतो. सुजाता, माझी नात, वय सहा, मागून ओरडते, "आचोपो, पू याव छांग!" आजोबा, गाऊ नका. आजोबा म्हणता येत नाही तिला, आचोपो म्हणते. चालेल.

मिलिंद, माझा पोरगा, फोनवर आला नाही. कामावर आहे म्हणे. रविवारी?

१२ जाने.

एस.टी.नं पोलादपूर. तिथून पुढे वर वाडीपर्यंत चालत. आक्का, माझी थोरली बहीण, अंगणात वाल सोलत बसलेली. मी शब्द म्हणून दाखवला.

"हे काय रं येशा, मांजर पायाखाली गावलं का?"

"चिनी आहे आक्का. नातीशी बोलायला शिकतोय."

"म्हातारपणी! हितं तुला चाय कोण इचारत नाय, नि तिकडं बोलायला चाललास. मिल्याला सांग ना, पोरीला आपली भाषा शिकव. त्याला काय धाड भरलेय?"

बरोबर बोलली, म्हणून राग आला. मिलिंद तिथं इतकी वर्षं रंगांच्या कारखान्यात केमिस्ट. घरात इंग्रजी बोलतो. बायकोची भाषा शिकला नाही, पोरीला स्वतःची दिली नाही. मागे विचारलं तर, "बाबा, वेळ कुठेय." दोन्हींच्या मधल्या फटीत पोर वाढतेय. मी ह्या वयात त्या फटीवर फळी टाकायला निघालोय.

उतरताना गाडी मिळेना. नाक्यावर उभा राहून चुंगच्यौ, चुंगच्यौ. पानवाला टकामका बघत होता.

२९ जाने., बुध.

त्यांचं नवं वर्ष. लिननं व्हिडिओ लावला. सु. लाल कोटात. तिच्या शाळेतली कविता म्हणाली, हात मागे बांधून, हनुवटी वर. अगदी आपल्या पहिलीतल्या पोरांसारखी. चंद्राबद्दल होती, एवढं कळलं. चंद्र हा शब्द मला येतो. डोळे भरले, चष्मा काढला, तर ओरडली, आचोपो दिसत नाही.

मी माझी एक म्हणून दाखवली. चालीवर. ती माझी भाषा, तिथं गायला कोण अडवणार. सु.नं टाळ्या वाजवल्या. लिननं तोंड फिरवलं.

त्यांच्या भिंतीवर आमच्या ह्या घराचा फोटो असायचा. मि.नं मोठा करून लावलेला, ओटी, पायरी, दारातला माठ. आज नुसता खिळा.

"मिलिंद?"

"काम," लिन म्हणाली. मग पुन्हा, "काम."

सणाच्या दिवशी कसलं काम?

६ फेब्रु.

मि.चा फोन. नंबर इथला. पनवेल.

पनवेल! दिवाळीपासून इथे आहे. महाड किती लांब? तीन तासांवर बाप, आणि त्याला वाटतं पोरगा चीनमध्ये. मी तिकडे फोन करून त्याची चौकशी करतोय आणि ती बिचारी "काम, काम" म्हणून झाकतेय.

"बाबा, आमचं संपलं. वेगळे झालो."

"सुजाता?"

"तिच्या आईकडे. तेच बरं तिला."

"का पण?"

"पटत नव्हतं. दोन देश, दोन भाषा. होणारच होतं हे."

होणारच होतं. महिनाभर मी जो शब्द घोटला तोच, ह्याच्या तोंडून, मराठीत, आयता. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरतं ते होणारच असतं. भिंतीवर पुराची खूण आहे माझ्या डोक्याच्या वर, मला कोणी शिकवू नये. माणूस घर सोडतो ते तो सोडतो. चपला घालतो, बॅग भरतो, दार ओढून घेतो. त्यात होणारच काय होतं? आणि दोन भाषा म्हणे. एक तरी शिकलास का?

तोंडावर बोललो हे. मग म्हणाला, "येऊ का मी? समोर बसून सांगतो."

मी म्हणालो, "ह्या घरात तुला पाणी मिळायचं नाही."

फोन ठेवला. चहा केला, तसाच गार झाला. ही असती तर माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला असता. नाही ती. तेही होणारच होतं, असं म्हणायचं का?

१५ फेब्रु., शनि.

लिनचा आवाजी निरोप. लांबलचक. आधी इंग्रजीत: ती सु.ला घेऊन तिच्या आईच्या गावी जाते आहे. आईला वाटतं, पोरीनं मागचं फार आठवू नये, म्हणून काही दिवस फोन नको. "बाबा, तुमचं चिनी चांगलं झालं आहे. सराव ठेवा. गाऊ नका." इथे हसली. मग नाक ओढल्याचा आवाज. मग एक वाक्य चिनीत, हळू, मला नाही, बहुतेक स्वतःलाच.

दिवसभर तेवढाच तुकडा ऐकतोय. फोन कानाला लावून, सोडून, पुन्हा लावून. पहिला शब्द, मूल. मग सरळ, उंच, न हलणारी दोन अक्षरं. ती कळायला मला वेळ लागला नाही. शेवटचा सापडेना. दुपारी सापडला. विसरणं.

मूल शेवटी विसरतंच.

धड्यातलं नव्हे, पहिलं खरंखुरं चिनी वाक्य मला कुणाच्या मदतीशिवाय कळलं. आणि ते हे.

१८ फेब्रु.

काही नाही. ओटी सारवल्यासारखी रिकामी. ओळी आठवायला बसलो, शाळेतल्या, चंद्र-चांदण्या-नदीच्या. चाली आठवल्या, शब्द गळाले. मुलं अशीच विसरतात. मी शेकडो पोरांच्या तोंडात कविता घातल्या. आता बाजारात भेटतात, पोटं सुटलेली, "सर, ती कविता होती ना, काहीतरी पाखराची?" काहीतरी पाखराची. एवढंच उरतं. सु.च्या डोक्यात काय उरेल? एक म्हातारा होता, फोनमध्ये गायचा.

आणि लाँच. लहानपणी मला वाटायचं, भोंगा झाला की वडील येतात. मग कळलं, जातानाही तोच. सूर एकच. धक्क्यावर उभं असणाऱ्यानं ठरवायचं, रडायचं की धावत पुढे जायचं.

२ मार्च, रवि.

आक्काकडे. मन मोकळं करायला गेलो. तिच्याकडे खुंटीवर शर्ट. मि.चा.

"आलावता मिल्या. दोन रोज ऱ्हायला. तोंडात घास घालीत नवता. नाचणीची भाकरी दिली, ती बी कुत्र्याला घातलान."

"तू त्याला घरात घेतलंस?"

"मंग? रस्त्यावर ठेवू? माजा भाचा हाय."

"बायको-पोर टाकून आलाय तो, आक्का."

"आलाय. मेला गाढव हाय. माज्या म्होरं रडला रे तो. आन् तू काय म्हणलास त्याला? पानी देनार नाय? महाडात बसून? आपल्या बापजाद्यांनी कशासाठी टकुरी फोडून घेतली, इसरलास?"

"ते वेगळं होतं."

"त्ये पानी वेगळं नि हे पानी वेगळं व्हय रे मास्तर?"

उठलो. तिनं वाढलेलं ताट तसंच. चपला घालताना मागून म्हणाली, "जा. तू बी गाढवच. बापासारखा लेक."

गाडीत खिडकीशी बसून मनात उत्तरं जुळवली. एकही धड नाही. ज्यानं दुसऱ्याला कोरडं ठेवलं त्याला पाणी मागायचा हक्क कुठला? हे चांगलं होतं. आता सुचलं, पोलादपूर मागे पडल्यावर.

९ मार्च

रोज सु.साठी एक निरोप बोलून पाठवतो. कुणी ऐकत नाही. ॲपवर ऐकल्याची खूणच उमटत नाही. तरी. आज मी तिच्या वाक्याला उत्तर केलं. "वो पू ह्वै वांग." मी विसरणार नाही. चाल न लावता. इतका वेळ लागला ते कोरडं म्हणायला की घसा दुखला.

माठ काढले. वीस मार्च जवळ आला. चवदार तळ्यावर देशभरातून माणसं येतील, आदल्या दिवशीच आमच्या आळीत उतरतील. आमची रीत जुनी: दारात माठ, आणि उंबऱ्याशी आलेल्याला आधी पाणी. नाव, गाव, कुठले, कुणाचे, काही विचारायचं नाही. तो आपण होऊन सांगेल तर सांगेल. वडिलांच्या आधीपासून असंच. घरच्या कर्त्यानं स्वतः तांब्यानं ओंजळीत ओतायचं. मि. लहान असताना माझ्या बाजूला उभा राहून भरलेला तांब्या पुढे करायचा. ओतायचं मी.

माठ तीनदा घासले. शेवाळ नव्हतंच.

१९ मार्च, बुध.

सकाळपासून माणसं. निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी, पाय सुजलेले. वाशीमकडचा एक जथा ओटीवर उतरला. त्यातली एक म्हातारी माझ्याच वयाची, दात नाहीत, आवाज खणखणीत. पाणी प्यायली आणि तिथंच पायरीवर बसली, माझ्या मदतीला. रिकामा तांब्या घ्यायचा, माठातून भरून पुढे करायचा. मी नको म्हटलं तर, "तुमचा हात थरथरते बाबा. मले दिसते."

ओतता ओतता मी पुटपुटत होतो. सवय. तिनं पकडलं.

"काय म्हनून राह्यले बाबा मगापासून? मंतर आहे का?"

"शब्द आहे. चिनी."

"काय म्हंते तो?"

"आपण काहीही केलं तरी शेवटी जे होतं, ते होतंच. असं."

विचार केला तिनं. "म्हंजे, होऊनच राह्यते."

"हो. तेच."

"मंग त्यासाठी चिनी कशाले शिकाव लागते वो? माह्या सासूले रोज तेच म्हनाची सवय होती. पोरगी झाली तरी, नवरा मेला तरी. मी एक दिवस म्हनलं, आत्याबाई, होऊन राह्यलं ते राह्यलं, आता पुढचं सांगा. तवापासून चूप झाली." आणि बोळकं उघडून हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

दुपारभर रांग. मी चेहरे बघत नाही, कधीच बघितले नाहीत. रीत म्हणून नव्हे, ओंजळीवर लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर पाणी पायांवर सांडतं. हात मात्र दिसतात. नांगर धरलेले, विड्या वळलेले, एखादं बोट नसलेले, मेंदी लावलेले, पोरांचे चिखलाचे. प्रत्येकाची ओंजळ वेगळी. कुणी घट्ट मिटतो, कुणाच्या बोटांतून सगळं गळतं. मुलीची असेल कशी, सहा वर्षांच्या? फोनवर हात कधी नीट दिसले नाहीत.

उन्हं कलली. रांग पातळ झाली. म्हातारीनं भरलेला तांब्या हातात दिला. पुढे एक ओंजळ आली. मी तांब्या कलवायला घेतला आणि थांबलो.

उजव्या अंगठ्याचं नख जळून काळं पडलेलं, अर्धं. बारावीच्या प्रयोगशाळेत ॲसिड सांडलं होतं. त्या रात्री मी फुंकर घालत बसलो होतो. बोटं घट्ट मिटलेली, लहानपणापासून असाच पितो, थेंब गळू देत नाही. मनगटावर बाहीची कड, आक्काकडच्या खुंटीवरचा शर्ट.

मान खाली घालून उभा होता. बाबा म्हणाला नाही. मी वर बघितलं नाही. पाठीवर बॅग होती एवढं दिसलं, आणि बॅगेच्या खणातून बाहेर आलेली एक चौकट, काचेची, आमच्या ओटीचा फोटो.

परत आणलाय तो. लावायला की ठेवून जायला, काय माहीत. सु.चं काही कळलंय का ह्याला, तिच्याकडे जाणार आहे का, की हेही संपलं म्हणून सांगायला आलाय. विचारायचं नसतं. आधी पाणी.

तांब्या तसाच, काठोकाठ, वाकायच्या बेतात. मागे दोघेतिघे ताटकळलेले. ओंजळ हलली नाही.

पायरीवरून म्हातारीचा आवाज आला, "बाबा, वता ना. कवाचं लेकरू उभं हाये."