फेम्केच्या फुप्फुसातली बुरशी

४ मार्च
फेम्के गेल्यानंतर आज पहिल्यांदा लॅबमध्ये. हॉस्पिटलने तिच्या फुप्फुसातली बुरशी आमच्याकडे पाठवलीय. कुठलंही औषध तिला लागू पडलं नव्हतं. ट्यूलिपच्या कंदांवर शेतकरी त्याच जातीचं औषध मारतात, म्हणजे ही बुरशी औषधाला पुरून उरायला शेतातच शिकून आलेली.
मी बनवलेलं नवं औषध, एक पेप्टाइड, वेगळं आहे. ते बुरशीच्या पेशीला चिकटतं, तिच्या पडद्याला भोकं पाडतं आणि आतलं सगळं बाहेर गळतं. वाचायचं तर बुरशीला अख्खी कातडी बदलावी लागेल. अशक्य.
भावनेचा प्रश्नच नाही. हे शुद्ध विज्ञान आहे.

११ मार्च
पूर्ण डोस दिला. प्लेट कोरी. बराच वेळ बघत बसलो.
जिंकलो.
प्रयोग पुढे चालवायचा तर काहीतरी जिवंत हवं. उद्यापासून अर्धा डोस.

२ एप्रिल
अर्धाही जास्त होतोय. पाव. जगलेली बुरशी नव्या प्लेटवर, डोस किंचित वाढवून. तिला सवय लागत नाही, हे सिद्ध करण्याची हीच पद्धत.
शेजारच्या टेबलावरून मार्लूस म्हणाली, “अरे, लोक बायकोची अंगठी जपतात.” मी हसलो नाही.

१९ मे
फेम्केचा वाढदिवस. आमच्याकडे केक ज्याचा वाढदिवस त्यानेच न्यायचा, आणि अभिनंदन घरच्यांचंही होतं. मीच नेला, ती नेणार कशी. मार्लूसने हात मिळवला. “अभिनंदन. बायकोबद्दल की बुरशीबद्दल?” मोठा तुकडा तिनेच घेतला.
फ्रीझरमध्ये दर वेळी ताजा नमुना ठेवतो, जुना टाकून देतो. नीटनेटकेपणा.

२३ जुलै
आता अर्ध्या डोसवरही छान वाढते. छान म्हणजे नोंद घेण्याजोगी. पेप्टाइडची ही बाटली जुनी असणार.

९ सप्टेंबर
नवी बाटली. तेच. मार्लूसचं म्हणणं, बुरशी आता पेप्टाइड कापणारं एन्झाइम बाहेर सोडते, पडद्यापर्यंत काही पोचतच नाही. मार्लूसला घाई फार.
या रविवारी फेम्केच्या आईकडे जाऊन सांगणार, औषध सापडलं.

१५ सप्टेंबर
सांगितलं. त्या रडल्या. म्हणाल्या, म्हणजे पोरगी वाया नाही गेली.

६ ऑक्टोबर
पूर्ण डोसवर प्लेट काठोकाठ भरली.
आमचा प्रमुख मेन्नो म्हणाला, “मूळ बुरशी काढ, दोन्ही शेजारी ठेवून बघू.” मूळ नाही, म्हणालो. मेन्नोने चष्मा काढला. मग मूळ नमुन्याशिवाय हे कुठे छापताही येणार नाही, एवढंच बोलला.
मी म्हणालो, ही फेम्केचीच आहे.
मार्लूस या वेळी हळू बोलली. “तिची केव्हाच मेली, स्यूर्ड. तू दर आठवड्याला थोडी थोडी मारलीस. ही तू वाढवलेली.”
कशालाच न जुमानणारी बुरशी ठेवणं धोक्याचं; नष्ट करण्याआधी मेन्नोला फॉर्मचा एक रकाना भरायचा होता. त्याने विचारलं, उगम काय लिहू, रुग्ण की प्रयोगशाळा?
प्रयोगशाळा, म्हणालो.
त्याने लिहिलं.