मामा, शनिवारी जिवंत या

आदरणीय मामांस,

डावा हात पाठीमागे ठेवून आणि कमरेत नीट वाकून तुमचा भाचा याव याचा नमस्कार. तिकडे कोकोच्या मळ्यावर तुम्ही खुशाल असाल, गुडघा फारसा कुरकुरत नसेल आणि श्वासोच्छ्वास वगैरे वेळच्या वेळी चालू असेल, अशी आशा आहे. (भाचे मामाच्या तब्येतीची चौकशी रीत म्हणून करतात, मी अगदी पोटतिडकीने करतोय. का ते पुढे येईलच, तोवर रक्तदाब सांभाळा.) इकडे आई बरी आहे. आजीचं, फुफूसाठी कच्ची केळी कुटायचं उखळ तुम्ही मळ्यावर नेलंत तेव्हापासून ती तुमचं नाव काढत नाही, ते अजून काढत नाही. म्हणजे परवापर्यंत काढत नव्हती.

तर मामा, मला आमच्या हायस्कुलात शेतकी शिकवायला नेमलं होतं. गेल्या सत्रात मुख्याध्यापिका ओवुसुआ मॅडम म्हणाल्या, "याव, तुझ्याकडे चांगला फोन आहे. पोरांना वेबसाइट बनवायला तूच शिकव." झालं! खोलीत कॉम्प्युटर भरपूर, चालतात मोजके, तेही वीज असली तर. टेबलं मात्र एक नंबर, कारण सुतारकाम सोडताना ती तुम्ही शाळेला करून दिलेली. पालक-समितीचा त्या खोलीवर पहिल्यापासून डोळा आहे. त्यांना तिथे खानावळीची मक्याची पोती रचायची आहेत. शेवटी असं ठरलं, की येत्या शनिवारच्या सभेत पोरांनी काही करून दाखवलं तर वर्ग राहील, नाहीतर पोती. मामा, पोरांना या वर्गाचं वेड लागलंय हो! वीज गेली तर कागदावर पान काढतात आणि कागदावरच बोटाने टिचक्या मारत बसतात. माझ्या शेतकीच्या तासाला यातलं एकही पोर कधी जागं राहिलं नाही.

आता घोटाळा कुठे झाला ते सांगतो. (चूक माझी नाही. म्हणजे सगळी माझी नाही.) फोटो कुठे, नाव केवढं, मजकूर कुठे, याला मांडणी म्हणतात, एवढं मी शिकवलं. पण पोरांनी वेबसाइटी पाहिल्यात कुठे? म्हणून म्हटलं, "गावात हिंडा. भिंतीवर, खांबावर जे देखणं दिसेल त्याची मांडणी उचला." आता तुम्हीच सांगा, आपल्या गावात भिंतीवर आणि खांबावर काय असतं? मयताची पोस्टरं! दुसरं असतं काय? मोठा फोटो, ठसठशीत नाव, वय, खाली मुलं-भाचे-जावयांची रांग, सगळं काळ्यावर लाल. पोरांनी बरहुकूम तेच केलं. एकाने शाळेच्या फुटबॉल संघाचं पान बनवलं, ते बघून वाटावं, गोलकीपरसकट अख्खा संघ एका दिवसात गेला. दुसऱ्याने आईच्या मक्याच्या केंके-उंड्यांच्या टपरीचं पान केलं आणि रोजच्या गिऱ्हाइकांची नावं "मुख्य शोककर्ते" म्हणून छापली. विचारलं तर म्हणतो, "सर, नावांच्या वर तेच लिहायचं असतं." मी पोट धरून हसलो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

वर्गात सेरवा नावाची एक मुलगी आहे. बोलते कमी, पण हात असा की बघत राहावं. विषय होता "मला आदर वाटतो ती व्यक्ती", आणि तिने निवडलं तुम्हाला! का गं, म्हटलं, तर टेबलावरून हात फिरवत म्हणाली, "हे त्यांनी केलंय ना, सर. इतकी वर्षं झाली, डगमगत नाही." मला भरून आलं. तुमचा तो केंटेचं रंगीत वस्त्र पांघरून खुर्चीत बसलेला फोटो मीच तिला दिला. पान असं देखणं झालं, मामा! वर "ओपानिन क्वाबेना ओपोंग, वय अठ्ठ्याहत्तर", खाली आम्ही भाचे रांगेने. तिला फक्त नाव लाल करायचं होतं. पण कोडमध्ये लाल रंगाची खूण उघडली आणि बंद करायची राहिली, त्यामुळे तिथून खाली सगळं लालेलाल. म्हटलं, उद्या दुरुस्त करू. तिने हौसेने पान नेटवर चढवलं, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवलं, आणि वीज गेली.

ती अजून आलेली नाही, ट्रान्सफॉर्मर जळालाय. पासवर्ड शाळेच्या कॉम्प्युटरात, त्यामुळे पान उतरवता येत नाही. तुमच्या मळ्यावर रेंज नाही, त्यामुळे तुम्ही फोनवर "मी आहे" असं म्हणू शकत नाही. मी दारोदार सांगत फिरलो, "मामा जिवंत आहेत हो!" तर लोक माझ्या पाठीवरून हात फिरवतात. म्हातारे बोआतेंग मला मिठी मारून म्हणाले, "रड, पोरा. मनात ठेवलं की माणूस असं बरळतो." मंडप ठरलाय. सुतकाची लाल-काळी वस्त्रं उन्हात पडलीत. तुमचे सोबती भाषण आधी कुणी करायचं यावरून हातघाईवर आलेत. (तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलतात, की एक-दोनदा मीच घोटाळलो, हे आपलेच मामा ना!) समितीचे अध्यक्ष गरजले, "मेला असेल, तर घरच्यांच्या आधी शाळेने जाहीर कसं केलं? आणि जिवंत असेल, तर शाळेने त्याला मारला कसा?" दोन्हीकडून वर्ग बंदच!

माझं काय, मी परत शेतकीकडे जाईन. पण सेरवा शाळेत येत नाही. "मी ओपोंग आजोबांना मारलं" म्हणून चुलीशी बसून रडते आणि कॉम्प्युटरला पुन्हा हात लावणार नाही म्हणते. मला ते बघवत नाही, मामा.

असो. जपून राहा, पायऱ्या सावकाश उतरा.

तुमचाच, जिवंत मामाचा भाचा,
याव

ता. क. शनिवारी सभेला जातीने या. आनंदाच्या दिवशी नेसतो तसं पांढरं नेसून या, म्हणजे लोकांना लांबूनच कळेल. काय शिव्या घालायच्यात त्या मला घाला, पण सगळ्यांसमोर सेरवाला एवढं सांगा, की पान छान झालंय. खोटं सांगावं लागणार नाही, खरंच छान झालंय.

ता. क. पत्र ट्रोट्रो गाडीवाल्या अटासोबत देतोय. नाव वाचून त्याचे डोळे भरले. म्हणाला, "काळजी करू नकोस, शवपेटीत त्यांच्या उजव्या हाताशी ठेवीन." तेव्हा मळ्याच्या वाटेवर त्याला एकदम सामोरे जाऊ नका, गाडी नाल्यात घालेल.

ता. क. आईचं लिहायचं राहिलं. बातमी ऐकून ती अंगणात मटकन बसली आणि "आता मी भांडू कुणाशी रे, दादा?" म्हणून अशी रडली, की मला तिला धरवेना. तुम्ही जिवंत आहात हे गावात फक्त तिला पटलं. म्हणे, "मेला असता तर उखळ परत पाठवलं असतं." आत्ता माझ्या मागे उभी राहून सांगतेय, "लिही त्याला, उखळ राहू दे तिकडेच. तू ये."

मामा, उखळ आणाच. तिने सकाळीच तुमच्या वाट्याची कच्ची केळी बाजूला काढून ठेवलीत.