सामोवारावरचा तारा

तूला, १२ ऑक्टोबर १९९४

ती. ग्लेबदादास तास्याचा शि. सा. न. वि. वि.

दादा, हे पत्र एकट्याने वाच आणि वाचून झालं की जाळून टाक. अर्धांगाच्या झटक्याने येफीमकाकाची वाचा गेली हे तुला ठाऊक आहेच. गेले दहा दिवस तो डाव्या हाताने सारखा चुलीजवळच्या फळीकडे बोट दाखवत होता. मला वाटलं, उंदीर असेल. काल ती फळी उचकटली, तर मेणकापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर! गोळ्या नाहीत. मी ते रुमालाने धरून पाहिलं आणि तसंच परत गुंडाळलं. काका तेव्हापासून माझ्या नजरेला नजर देत नाही.

घरात असली वस्तू सापडली तर पोलीस काय करतील, ही एक भीती. दुसरी तुला सांगायलाच हवी. बाबा बँकेचे पहारेकरी, एकोणपन्नास साली त्यांचं सरकारी रिव्हॉल्व्हर हरवलं म्हणून दहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्याच हिवाळ्यात कैद्यांच्या छावणीतून ते वारल्याचा कागद आला. हे बाबांचं तर नसेल? त्यांच्या सख्ख्या भावाच्या घरात? ज्याने आपल्यासाठी लग्न केलं नाही, आई गेल्यावर आपली पोटं भरली, त्याच्या घरात?

रिव्हॉल्व्हरच्या डाव्या बाजूच्या झाकणावर एक तारा आहे, ताऱ्यात बाण. तू जन्मभर बंदुकांच्या कारखान्यांचे शिक्के पाहत आलास, तूच सांग. पत्रं कोण फोडेल भरवसा नाही, म्हणून यापुढे त्याला सामोवार म्हणू या.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तराला मात्र उशीर नसावा.

तुझी,
तास्या

इझेव्स्क, २० ऑक्टोबर

चि. तास्यास अ. उ. आ.

शहाणे, अर्ध्या पत्रात रिव्हॉल्व्हर रिव्हॉल्व्हर लिहिलंस आणि शेवटी म्हणतेस, सामोवार म्हणू या! पत्र फोडणाऱ्यालाही हसू आलं असेल. तुझी वहिनी तर पोट धरून हसली. (एकट्याने वाचायला सांगितलं होतंस, पण या घरात ते जमत नाही.)

आता घाबरू नकोस. ताऱ्यात बाण म्हणजे तुमच्या तूला शहरातला कारखाना. आमच्या इझेव्स्कचा शिक्का त्रिकोणाचा, त्रिकोणात बाण. हल्ली जुनी सरकारी रिव्हॉल्व्हरं जमवणारे शौकीन माझ्याकडे शिक्के ओळखायला येतात, त्यामुळे रोज हेच पाहतो. बाबांचं त्रेचाळीस सालचं, इझेव्स्कचं होतं. तूल्यात राहून परगावचा त्रिकोण कमरेला लावतो म्हणून काका त्यांना किती चिडवायचा, आठवतं? तेव्हा तारा आहे म्हणजे हे बाबांचं नाही. काकाने लढाईनंतर कुठून तरी उचललेलं असेल. अशी कित्येक घरांत निघतात.

तरी दोन गोष्टी बघ. झाकण एका स्क्रूवर असतं, ते बदलता येतं. खरा नंबर सांगाड्यावर असतो, गोळ्यांच्या चक्राच्या पुढे. आणि चौकोनात तिरकी रेघ अशी खूण कुठे आहे का तेही बघ. सरकारी दुरुस्ती झाली की ती मारतात.

काकाला माझा नमस्कार सांग. आपला खरा सामोवार, चहाच्या पाण्याचा तो बंब, आता कोण घासतं? काका तर त्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आशीर्वाद आहेतच, जेवत जा.

तुझा,
ग्लेब

तूला, २९ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

दादा, सांगाड्यावर ल प ३१७ आहे.

मी तीनदा वाचलं, भिंग लावून वाचलं. आईने प्रत्येक अर्जात लिहिलेला, आपल्याला पाढ्यासारखा पाठ करून घेतलेला तोच नंबर. चौकोनातली रेघ कुठेच नाही, आणि झाकणाच्या सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. मग झाकणावर तारा कसा? मला समजत नाही, आणि समजेल याचीच धास्ती वाटते. काकाला भरवताना माझा चमचा त्याच्या दातांवर वाजतो.

सामोवार मीच घासते, पण खालचा राखेचा भाग काढायला गेले की काका रडायला लागतो, म्हणून तो तसाच आहे. लोभ असू दे, आणि लवकर सांग.

तुझी,
तास्या

इझेव्स्क, ६ नोव्हेंबर

चि. तास्यास अ. उ. आ.

हे लिहायला तीन दिवस लागले. सरकारी दुरुस्तीची खूण नाही, म्हणजे झाकण कुणीतरी घरी बदललं. तेही असं, की सांध्यात नखसुद्धा शिरू नये. असं काम दुरुस्तीच्या खात्यातलाच माणूस करतो. एकोणपन्नास साली काका तूल्याच्या कारखान्यात कुठल्या खात्यात होता, ते तुला मी सांगायला नको.

मी छप्पन वर्षांचा माणूस, आणि मला त्याच्यासमोर यायची भीती वाटते. तू काही विचारू नकोस. वस्तू होती तशी ठेव. मी रजा काढून येतो.

सांभाळून राहा.

ग्लेब

तूला, १४ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, मला राहवलं नाही. मी ती वस्तू काकाच्या मांडीवर ठेवली आणि हातात पेन्सिल दिली. डाव्या हाताने लिहायला त्याला सगळी सकाळ लागली. तसंच उतरवते आहे.

"एका दिवसासाठी दादाच्या, तुझ्या बाबाच्या, खणातून नेलं होतं. खात्यातली पोरं इझेव्स्कच्या मालाला नावं ठेवायची. म्हटलं, त्रिकोण दाखवतो, संध्याकाळी खणात ठेवतो. त्याच दिवशी बँकेची तपासणी आली. घरी आलो तर दादाला नेलेलं. ठाण्याच्या पायरीपर्यंत दोनदा गेलो. भ्यालो. झाकण बदललं, कुणाला सापडलं तर ओळखू नये. नंबर घासायला कानस घेतली, पण दादाचा नंबर, हात धजला नाही. मग तो गेल्याचा कागद आला. त्रिकोण सामोवारात आहे."

राखेचा भाग मी काढला. तळाशी तारेने बांधलेलं झाकण निघालं, काजळीने काळं झालेलं. पुसलं तर त्रिकोण, त्यात बाण, खाली १९४३. पंचेचाळीस वर्षं आपण त्या सामोवाराचा चहा प्यालो, दादा. तुझ्या लग्नात, आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, सगळ्यांना त्यातलाच.

आपणहून नेऊन दिलं तर खटला करत नाहीत, असं ठाण्यात नाव न सांगता विचारून आले. उद्या नेणार आहे. काकाने खुणेने त्याचा स्वच्छ सदरा मागितला आहे. त्यालाही यायचं आहे, या वेळी पायरी चढून. मी नेईन त्याला. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जाईल असं मी तुला खोटं लिहिणार नाही.

तू ये. सध्या मी त्याला चहा देते, पण किटलीतला.

तुझी,
तास्या